साखरपुड्याच्या पाकिटावर नाव कसं घालायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात माझं अक्षर जरा बरं आहे, हाच माझा गुन्हा. त्यामुळे नात्यात, शेजारी किंवा सोसायटीत कुणाचंही ठरलं की एक यादी आणि पाकिटांचा गठ्ठा येऊन माझ्या डायनिंग टेबलावर पडतो आणि मग दर अर्ध्या तासानं फोन, अगं हिच्या नावाआधी सौ. लावू का श्रीमती, त्यांना दोघांनाच बोलवायचंय तर काय लिहू. दरवेळी तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. हे शास्त्र नाही, वापरातलं आहे. तुमच्याकडची पद्धत वेगळी असेल तर घरातल्या आजीचं ऐका, माझं नको.

साखरपुड्याला पत्रिका छापायलाच पाहिजे का?

नाही हो. पूर्वी कुठे होती? घरच्या घरी कार्यक्रम, मुलीला कुंकू लावायचं, ओटी भरायची, साखरेचा पुडा हातात द्यायचा, भटजींनी वाङ्निश्चयाचं म्हटलं की याद्यांवर सह्या आणि मग पोहे नाहीतर पुरी-भाजी-श्रीखंड. बोलावणं तोंडीच असायचं, गावाकडे आवतण द्यायला माणूस दारोदार जायचा. आता साखरपुड्यालाच हॉल असतो आणि दीड-दोनशे पानं उठतात, त्यामुळे छोटं कार्ड छापतात. तुमची माणसं पन्नास-साठ असतील तर फोन आणि व्हॉट्सॲप पुरे, फक्त घरातल्या मोठ्यांसाठी आणि व्याह्यांसाठी दहा-पंधरा कार्डं छापून घ्या. त्यांना हातात काहीतरी लागतं.

कार्यक्रमाला म्हणायचं काय, साखरपुडा, वाङ्निश्चय, का साक्षगंध?

ज्यांना बोलावताय त्यांना कळेल ते. माझी आत्या अमरावतीला दिलेली, त्यांच्याकडे साक्षगंध. साताऱ्याकडे गावात अजून सुपारी फुटली म्हणतात, काही ठिकाणी कुंकवाचा कार्यक्रम, काही ठिकाणी टिळा. पाहुणे दोन भागातले असतील तर कार्डावर साखरपुडा लिहून खाली कंसात साक्षगंध टाकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. वाङ्निश्चय छापायचंच असेल तर प्रूफ नीट वाचा, तो शब्द प्रेसवाला हमखास चुकवतो.

‘श्री. व सौ.’ लिहायचं का ‘सौ. व श्री.’?

दोन्ही चालतं. सवयीनं श्री. व सौ. जास्त दिसतं. मी ज्या बाजूनं नातं आहे ते नाव आधी घालते, म्हणजे मावशीकडे पत्रिका जाणार असेल तर आधी मावशी मग काका, कारण ती आमची, काका तिच्यामुळे. एका काकांना ते खटकलं होतं, पण मावशी तेव्हापासून मला फराळाचा डबा वेगळा पाठवते.

एक मात्र बघा, ‘श्री. व सौ.’ लिहून पुढे फक्त नवऱ्याचं पूर्ण नाव घालतात आणि बाईचं नावच गायब. ‘श्री. व सौ. मोहन कुलकर्णी’. मराठीत दोघांची नावं लिहायला जागा असते, पाकीट काय तिकीट नाही. आणि आपल्याला तिचं नाव माहीत नसेल तर ते विचारून घ्यायची हीच वेळ, चाळीस वर्षं जिला नुसतं काकू म्हणतोय तिचं नाव वसुधा आहे हे मला पाकीट लिहितानाच कळलं.

सौ., श्रीमती, कु., गं. भा. यात गोंधळ होतो. कुठे काय?

सगळ्यात जास्त रुसवे इथेच होतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

सौ. म्हणजे सौभाग्यवती, लग्न झालेली आणि नवरा हयात असलेली बाई. कु. म्हणजे कुमारी, लग्न न झालेली. श्रीमती हा खरं तर कुठल्याही बाईला चालणारा मानाचा शब्द, ऑफिसच्या पत्रांत तसाच वापरतात, पण घरगुती वापरात तो नवरा गेलेल्या बाईसाठी इतका पक्का बसलाय की सवाष्ण बाईला श्रीमती लिहिलं तर काही घरांत अक्षरशः मीठ-मोहऱ्या ओवाळतील. त्यामुळे ज्या काकूंना सौ. लागतं त्यांना सौ. लिहा, तिथे सुधारणा करायला जाऊ नका, तो त्यांचा मान आहे.

नवरा गेलेल्या बाईला गं. भा. लिहायचं का? म्हणजे गंगा भागीरथी. माझं स्पष्ट मत, नाही. शब्द पवित्र आहे वगैरे ठीक आहे, पण तो लावला की पाकीट बघणाऱ्या पोस्टमनपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना कळतं की या बाईचा नवरा नाही, आणि पुरुषाच्या नावाआधी असलं काही आपण लावत नाही, बायको गेली तरी तो श्री. तो श्री.च. २०२३ च्या एप्रिलमध्ये सरकारदरबारी विधवांसाठी हाच शब्द वापरायचा प्रस्ताव चर्चेला आला तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल. त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करायचा ठराव केला होता आणि मग सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. एका गावाला जे कळलं ते आपल्या पाकिटाला कळायला हरकत नाही. श्रीमती लिहा. एखाद्या आजी स्वतःच्या पत्रात स्वतः गं. भा. लिहीत असतील तर गोष्ट वेगळी.

घटस्फोट झालेली, एकटी राहणारी, पन्नाशीची लग्न न केलेली मैत्रीण, या सगळ्यांना श्रीमती किंवा सरळ काहीच न लावता नाव आणि आडनाव. पन्नाशीच्या बाईला कु. लिहू नका, बँकेतल्या माझ्या एका मैत्रिणीनं तसलं पाकीट फ्रिजवर लावून ठेवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

आणि माझ्या हातून झालेली चूक सांगते. चुलतभावाच्या साखरपुड्याला ताईच्या लग्नातली जुनी वही समोर ठेवून पाकिटं लिहीत होते, वहीत होतं तसं श्री. व सौ., श्री. व सौ. करत सुटले. त्यात एक लांबची मावशी होती, तिचे यजमान आठ महिन्यांपूर्वी गेलेले, मला माहीत होतं पण हाताला माहीत नव्हतं. पत्रिका द्यायला आई आणि मीच गेलो. मावशीनं पाकीट घेतलं, वाचलं, ‘श्री. व’ वर अंगठा ठेवला आणि म्हणाली, अक्षर किती छान आहे गं तुझं. आईला रिक्षात बसल्यावर सांगितलं, ती घरापर्यंत बोलली नाही. तेव्हापासून जुनी यादी असेल तर आधी पेन्सिल घेऊन घरातल्या कुणा जाणत्या माणसाबरोबर बसायचं, गेलेले, वेगळे झालेले, घर बदललेले, सगळ्यांवर खूण करायची, मगच पाकिटांना हात लावायचा.

‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहिलं की किती माणसं येतात?

जितकी घरात असतील तितकी, अधिक मुंबईहून सुट्टीला आलेला भाचा.

गंमत बघा, जुन्या मराठीत कुटुंब म्हणजे बायको. आजोबा म्हणायचे आमचं कुटुंब माहेरी गेलंय, म्हणजे आजी एकटीच गेलेली असायची. सहकुटुंब म्हणजे बायकोसकट आणि सहपरिवार म्हणजे पोराबाळांसकट, म्हणून ते दोन शब्द जोडीनं येतात. आता फरक कुणाच्या लक्षात नसतो, नुसतं सहकुटुंब लिहिलं तरी सगळं घर येतं आणि त्यांचं काही चुकत नाही.

दोघांनाच बोलवायचं असेल तर पाकिटावर दोघांचीच नावं आणि पुढे काही नको. पण आपल्याकडे असं अध्याहृत कुणी वाचत नाही हो, ‘नावं दोघांची म्हणजे आपण दोघंच’ असा हिशोब फार थोडे करतात. त्यामुळे फोनवर मोकळेपणानं सांगून टाकावं, काका, हॉल लहान आहे, साखरपुड्याला तुम्ही दोघं या, लग्नाला सगळ्यांनी यायचंच आहे. यात कुणी रागावलेलं मी पाहिलं नाही. सांगितलंच नाही आणि मग पानं कमी पडली तिथे मात्र रागावलेले पाहिलेत, आणि ते बारा वर्षांनी मुंजीत निघतं.

एकत्र कुटुंब असेल, म्हणजे एकाच घरात दोन भाऊ आणि आजी, तर आजीच्या नावानं एक पाकीट आणि खाली ‘व समस्त पाटील परिवार’ असं चालतं. पण भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या असतील तर पाकिटं वेगळी. एकाच जिन्यात वरखाली राहत असले तरी वेगळी, दोन्ही दारांची बेल वाजवायची.

ती., चि., रा. रा., सा. न. वि. वि. हे सगळं आता लिहायचं का?

पाकिटावर शक्यतो नको, आतल्या मजकुरात किंवा हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत छान वाटतं.

ती. म्हणजे तीर्थरूप, हे आईवडिलांना. बाकीच्या वडीलधाऱ्यांना ती. स्व., म्हणजे तीर्थस्वरूप, असं आम्हाला शाळेत पत्रलेखनात शिकवलेलं. बॉसला ती. लिहू नका, एकानं लिहिलेलं. चि. म्हणजे चिरंजीव, आपल्यापेक्षा लहानांना. रा. रा. म्हणजे राजमान्य राजश्री, पूर्वी कुठल्याही पुरुषाला लावायचे, आता लावलं तर समोरच्याला वाटतं चेष्टा चाललीय. सा. न. वि. वि. म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, मोठ्यांना, आणि स. न. वि. वि. मध्ये नमस्कार सप्रेम होतो, तो बरोबरीच्यांना. मोठ्यांनी लहानांना लिहिताना अ. उ. आ., अनेक उत्तम आशीर्वाद. आजोबांकडून एका ओळीची चिठ्ठी लिहून घेऊन कार्डात घातली तर त्यांच्या वयाच्या लोकांना कार्डापेक्षा तीच जास्त आवडते, हे मी दोनदा केलंय.

आणि चि. सौ. कां. बद्दल. हे फक्त नवरीसाठी. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे सौभाग्याची इच्छा असलेली, म्हणजे अजून लग्न व्हायचंय अशी. ‘कां’ वर अनुस्वार हवा, ‘चि. सौ. का.’ छापलं की ते काकूचं लघुरूप वाटतं. लग्न झालेल्या बहिणीला पाकिटावर चि. सौ. कां. लिहिलेलं बघितलंय, तिचा नवरा शेजारीच उभा होता. ज्यांना हे सगळं नकोच आहे ते नुसती दोन नावं छापतात, तेही छानच दिसतं.

डॉक्टर, वकील, गुरुजी, सरपंच यांचं काय?

माणूस स्वतःच्या दारावर पाटीत जे लावतो ते लावायचं. दोघंही डॉक्टर असतील तर दोघांनाही डॉ. लावा, ‘डॉ. व सौ.’ करू नका, त्या बाईंनीही तेवढीच वर्षं अभ्यास केलाय. डॉ. लावलं की श्री./सौ. नको, ‘डॉ. सौ.’ काही जणींना आवडतं, त्या तसं लिहीत असतील तरच. वकिलांना ॲड., कॉलेजात शिकवणाऱ्यांना प्रा., कीर्तनकार-वारकरी मंडळींना ह. भ. प., म्हणजे हरिभक्तपरायण, आणि भटजींना वे. शा. सं., म्हणजे वेदशास्त्रसंपन्न, हे मात्र विसरू नका, गुरुजी त्याच दिवशी दक्षिणा घ्यायला येणार आहेत. सरपंच, नगरसेवक असतील तर मा. म्हणजे माननीय. निवडणूक हरलेले असले तरी मा., तिथे ‘माजी’ लिहायची हौस दाखवू नका.

नवरा-बायकोचं आडनाव वेगळं असेल तर?

दोन्ही पूर्ण नावं, मध्ये ‘व’ किंवा ‘आणि’. तिनं लग्नानंतर नाव बदललं नाही हे माहीत असून तिला सासरच्या आडनावानं लिहिणं म्हणजे मुद्दाम केल्यासारखं वाटतं. जोडआडनाव असेल तर ती ज्या क्रमानं लिहिते तो क्रम.

घरातलं नाव माहीत आहे, खरं नाव माहीतच नाही. काय करू?

नंदूकाका, बाळूमामा, ताईआत्या, बेबीमावशी! आमच्याकडे एक ‘फौजदारकाका’ होते, ते पोलिसात कधीच नव्हते, फक्त आवाज मोठा. पत्रिका हातात द्यायची असेल तर पाकिटावर ‘नंदूकाका व काकू’ एवढंच लिहा, त्यात जो जिव्हाळा आहे तो पूर्ण नावात नाही. पोस्टानं किंवा कुरियरनं जाणार असेल तर मात्र कागदोपत्री नाव लागतं, त्यांच्या मुलांना विचारा. सोसायटीच्या गेटवर बेबीमावशी कुणाला माहीत असणार.

आडनावाचं स्पेलिंग, ऱ्हस्व-दीर्घ किती बघायचं?

बघायचं. कुलकर्णी वेगळे, कुळकर्णी वेगळे, सामंत आणि सावंत तर अगदीच वेगळे. त्यांच्या घरच्या जुन्या पत्रिकेचा फोटो मिळाला तर त्यावरून उतरवा. चुकलं तर व्हाइटनर फासून वर लिहू नका, पाकीट फाडून नवीन घ्या, म्हणूनच पाकिटं मोजून न आणता शंभराला दहा-पंधरा जास्त आणायची.

व्याह्यांना पण पत्रिका द्यायची का? त्यांचाच तर कार्यक्रम आहे.

द्यायची, आणि घरच्या मानाच्या पत्रिकांत त्यांची पहिली. दोन्ही घरांनी मिळून एकच कार्ड छापलं असलं तरी द्यायची. आईवडिलांनी स्वतः जायचं, पाकिटावर अक्षता, सोबत नारळ आणि पेढे. नाव लिहिताना व्याही-विहीणबाई असं नातं न लिहिता दोघांची पूर्ण नावं लिहा, अजून साखरपुडा व्हायचाय, नातं नंतर. त्यांच्याकडे आजी-आजोबा असतील तर पाकीट त्यांच्या नावानं, ही एक गोष्ट केली की पुढे मानपानाच्या अर्ध्या तक्रारी होत नाहीत.

आणि दोन्हीकडच्या याद्या एकदा शेजारी ठेवून बघा. गावं जवळजवळची असली की समाईक माणसं निघतात, त्यांना दोन पत्रिका गेल्या तर हरकत नाही, दोघांनाही वाटलं दुसऱ्यानं दिली असेल, तर मात्र पंचाईत.

वडील नाहीत, किंवा आईवडील वेगळे झालेत, निमंत्रक म्हणून कोणाचं नाव?

आई असेल तर आईचं. काका-मामांना पुढे करायची काहीच गरज नाही, वाटलं तर खाली ‘आपले स्नेहांकित’ मध्ये त्यांची नावं येतातच. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर महाराष्ट्रात नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव असा क्रम सक्तीचा झालाय, दाखल्यावर जे चालतं ते कार्डावर चालेलच. गेलेल्या वडिलांचं नाव घालायचं असेल तर ‘कै.’ लावून मुलाच्या ओळखीत येऊ द्या, ‘कै. अमुक व श्रीमती अमुक यांचे चिरंजीव’, पण निमंत्रकांच्या यादीत कै. नको, ते बोलावू शकत नाहीत. असं छापलेलं कार्ड माझ्याकडे आलेलं आहे म्हणून सांगतेय. वेगळे झालेले आईवडील दोघंही येणार असतील तर दोघांची नावं दोन ओळींत, मध्ये ‘व’ न घालता.

वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या पद्धतीच्या घरी पत्रिका देताना?

आपल्या कार्डावर आपला गणपती आहे तो असू दे, पण पाकीट त्यांचं आहे. आंबेडकरी, बौद्ध घरांत नावाआधी आयु. लिहितात, आयुष्मान किंवा आयुष्मती, आणि गेलेल्या माणसाला कै. न म्हणता कालकथित. त्यांच्या पाकिटावर हळदकुंकवाची बोटं आणि अक्षता नकोत. मुस्लिम घरी जनाब लिहिलं तर आवडतं, नुसतं श्री. लिहिलं तरी कुणी काही म्हणत नाही. ख्रिस्ती मित्रांनाही श्री. आणि सौ. चालतं, धर्मगुरू असतील तर फादर. मुलगा-मुलगीच वेगवेगळ्या धर्मातले असतील तर वरची ‘प्रसन्न’ची ओळ काढून सरळ नावांनी सुरुवात करणारी कार्डं हल्ली बरीच दिसतात.

पहिली पत्रिका देवाला, त्या पाकिटावर काय लिहायचं?

देवाचं नाव आणि गाव. ‘श्री कुलस्वामिनी तुळजाभवानी माता, तुळजापूर’. लग्नाची पत्रिका सगळेच ठेवतात, साखरपुड्याची ठेवणारे कमी, पण कार्ड छापलंच आहे तर एक ठेवा की. पुण्यातले लोक कसबा गणपतीपुढे ठेवतात, तो ग्रामदैवत. कोल्हापूरकडे अंबाबाई, कुणाचा जेजुरीचा खंडोबा, गोव्यातून आलेल्यांची मंगेशी नाहीतर शांतादुर्गा. जायला जमलं नाही तर घरच्या देव्हाऱ्यात ठेवली तरी देव समजून घेतो. देवाला श्री. व सौ. लिहू नका, बास.

पत्ता मराठीत लिहू का इंग्रजीत?

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मराठीत बिनधास्त. पिनकोड मात्र नीट, सहाच्या सहा आकडे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला तोच मुळी सारख्या नावांची गावं आणि वेगवेगळ्या भाषांतले पत्ते यातून पत्र वाट काढेल म्हणून, त्यामुळे तुमचं अक्षर कसंही असलं तरी तो पोचवतो. गावाकडे मु. पो., ता., जि. तिन्ही लिहा, वडगाव आणि पिंपळगाव किती आहेत विचारूच नका. जुन्या वहीत उस्मानाबाद, औरंगाबाद, अहमदनगर असेल, तिथे आता धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर लिहायचं.

परदेशात पाठवताना पत्ता इंग्रजी लिपीत आणि देशाचं नाव शेवटी मोठ्या अक्षरात, पण पाकिटाच्या मागच्या बाजूला नाव मराठीत लिहा, तिकडे न्यू जर्सीत बसलेल्या माणसाला आपलं नाव आपल्या लिपीत हातानं लिहिलेलं कधी दिसतं सांगा. आत अक्षता घालू नका. तांदूळच आहे तो शेवटी, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला धान्य-बियांचे नियम फार कडक, पाकीट तिथेच अडकेल. कुंकवाचं बोट लावलं तरी पोचतो भाव.

पेन कुठलं वापरायचं?

हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि मग रडतात. सोनेरी चकचकीत पाकिटावर जेल पेनची शाई वाळतच नाही, दहा पाकिटं एकावर एक ठेवली की वरच्याच्या पाठीवर खालच्याचं आडनाव उलटं उमटतं. बारीक टोकाचा परमनंट मार्कर घ्या. आधी सगळी नावं लिहून टेबलभर पसरा, वाळू द्या, मग शेवटी हळदकुंकू, ते पण नावावर नाही, कोपऱ्यात. आणि हळदकुंकू लावणारा माणूस वेगळा, लिहिणारा वेगळा, नाहीतर मार्करला पिवळी बोटं लागून सगळं केशरी होतं. आमच्याकडे हे काम बाबांकडे असतं, ते दर पाकिटाला मोजून एकच ठिपका लावतात, जणू रेशनचं कुंकू आहे.

‘कृपया आहेर आणू नये’ पाकिटावर लिहू का?

पाकिटावर नको. कार्डात खाली एका ओळीत. पाकीट हातात घेतल्या घेतल्या माणसाला नाव दिसावं, सूचना नको.

ऑफिसमध्ये एकच पत्रिका सगळ्यांना दिली तर?

‘समस्त सहकारी’ असं एक कार्ड नोटीस बोर्डाला टाचलं तर ते निमंत्रण कुणालाच नसतं, त्याचा फायदा घेऊन कुणी येत नाही किंवा सगळेच येतात. ज्या चार-सहा जणांशी खरंच डबा वाटून खाता त्यांना नावानं द्या. साहेबांना ऑफिसच्या हुद्द्यानं नाही, नावानं, आणि त्यांच्या घरच्यांचं नाव माहीत नसेल तर ‘सहपरिवार’. हाताखालच्या लोकांना, शिपायाला, डब्यावाल्याला देताना पण पूर्ण नाव आणि श्री., ‘गणपत’ म्हणून एकेरी लिहिलेलं मला अजिबात आवडत नाही, आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींचं तर पूर्ण नाव विचारून लिहायचं.

व्हॉट्सॲपवर पाठवताना नाव घालायचं म्हणजे काय?

फोटो टाकण्याआधी एक ओळ नावानं. ‘वंदनामावशी आणि काका, येत्या रविवारी ओंकारचा साखरपुडा आहे, तुम्ही यायचंच’. मग कार्ड. नुसतं कार्ड आलं की ते फॉरवर्डच वाटतं आणि फॅमिली ग्रुपवर टाकलं तर त्याखाली पाच मिनिटांत कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं. ब्रॉडकास्ट लिस्ट करणार असाल तर लक्षात घ्या, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो, आणि साठीच्या पुढच्या निम्म्या काकांनी तो केलेला नसतो. साठच्या पुढच्यांना आधी फोन, मग कार्ड. आणि त्यांचा ‘ठीक आहे’ एवढाच रिप्लाय आला तर राग समजू नका, त्यांना टायपिंग तेवढंच येतं.

घरात नुकतंच कुणी गेलंय, त्यांना पत्रिका द्यायची का?

द्यायची. त्यांच्या वतीनं आपण ठरवून टाकतो की त्यांना नको वाटेल, आणि ती माणसं आणखीनच एकटी पडतात. तेरावं होऊन जाऊ द्या, मग घरी जा, आधी बसा, बोला, निघताना पाकीट द्या, त्यावर कुंकू-अक्षता नसल्या तरी चालेल. यायचं की नाही ते त्यांचं. नवरा गेलेल्या बाईला तर ओटी भरायलाही बोलवा, आमच्याकडे गेल्या खेपेला त्याच मावशीनं नवरीला पहिलं कुंकू लावलं, जिच्या पाकिटावर मी घोळ घातला होता.

आदल्या दिवशी आठवलं की एकाला राहिलंच, आता?

पाकीट लिहीत बसू नका आणि व्हॉट्सॲप तर मुळीच नको. पायात चपला घाला, पावशेर पेढे घ्या आणि जा. ‘तुमच्याकडे शेवटी आले, कारण इथे बसून चहा घ्यायचा होता’ असलं काही बोलू नका, त्यांना कळतं. सरळ म्हणायचं, काकू, राहून गेलं, माझी चूक, उद्या साडेदहाला या. चहा देतील, तो घ्यायचा. साखर जास्त असली तरी घ्यायचा.